माईंच्या नावापुढचं काम

मी बोलतोय, हॉस्पिटलच्या बैठकीच्या खोलीतला पांढरा फळा.

कारखान्यातून आलो तेव्हा मी इतका गुळगुळीत होतो, की समोरच्या खिडकीतलं झाड माझ्यात दिसायचं. माझ्यावर पाळ्यांची वेळापत्रकं लिहिली जात, निवृत्त होणाऱ्यांना शुभेच्छा दिल्या जात. दिवस बरे चालले होते.

मग ठरलं, की पेशंटच्या कागदी फायली बंद करून सगळ्या नोंदी संगणकावर घ्यायच्या. कोणी काय करायचं हे ठरवायला बैठक बसली. मोठे डॉक्टर म्हणाले, सगळे मिळून करू. मुख्य सिस्टरना ते पटलं नाही. सारं हॉस्पिटल त्यांना माई म्हणायचं. त्यांनी मार्कर उचलला.

"प्रत्येक कामापुढे एकच नाव हवं," त्या म्हणाल्या. "नाहीतर उद्या आपण एकमेकांची तोंडं बघत बसू."

त्यांचं अक्षर टपोरं होतं. नवीन पेशंटची नोंद कोणी करायची, संगणक अडला तर कोणाला हाक मारायची, हे सगळं त्यांनी एकेकाची कुरकुर ऐकून घेत लिहिलं. डॉक्टरांना शिकवायचं काम संगणकवाल्या भाऊंकडे गेलं. मोठ्या डॉक्टरांना टाइप करायला शिकवलंत, तर एका वॉर्डाला तुमचं नाव देऊ, असं माई म्हणाल्या, तेव्हा मोठे डॉक्टरसुद्धा हसले.

शेवटी एक काम उरलं. कोणत्या पेशंटला कोणतं औषध सोसत नाही, हे जुन्या फायलींतून ताडून संगणकात पक्कं करायचं. किचकट काम, आणि चुकलं तर जिवावर बेतणारं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यापुढे माईंनी स्वतःचं नाव लिहिलं.

संगणक सुरू व्हायच्या आधीच माई गेल्या. घरी, स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या.

पुढच्या बैठकीत कुणीतरी डस्टर घेऊन माझ्याजवळ आलं. बाकीचं पुसलं. माईंच्या ओळीपाशी आल्यावर हात थांबला. ती ओळ तशीच राहिली.

त्यानंतर ती खोली बदलली. माईंच्या खुर्चीवर कुणी बसेना. बोलता बोलता एखाद्याची नजर माझ्यावर गेली, की त्याचा आवाज उतरायचा. माईंची लेकही तिथेच वॉर्डात सिस्टर होती. ती बैठकीला यायची, पण माझ्याकडे पाठ करून बसायची. औषधं ताडायचा विषय निघाला, की मोठे डॉक्टर हलकेच म्हणायचे, ते बघू नंतर.

संगणक ठरल्याप्रमाणे सुरू झाला. त्यात माईंचं खातं आधीच उघडलेलं होतं, आणि औषध ताडून पाहण्याची प्रत्येक सूचना त्यांच्या खात्यात जात होती. ते बंद करा, असं भाऊंना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनाही विचारायला धीर झाला नाही. वॉर्डात संगणकावर एखाद्या पेशंटची न सोसणाऱ्या औषधाची जागा रिकामी दिसली, तर लोक म्हणत, माईंकडे गेलंय. जणू माई जिन्यावरून येतच होत्या.

मग एक बाई दाखल झाली. पूर्वीही ती येऊन गेली होती. कोणतं औषध तिला सोसत नाही, ते जुन्या फायलीत लिहिलेलं होतं. संगणकात ती जागा रिकामी. नेमकं तेच इंजेक्शन दिलं गेलं. तिचा चेहरा सुजला, श्वास अडकला. माईंची लेकच पाळीवर होती. तिने धावपळ केली, डॉक्टर आले, बाई वाचली.

दुसऱ्या दिवशी सगळे माझ्यासमोर जमले. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, हे काम कोणाकडे होतं? सगळ्यांच्या नजरा त्या ओळीकडे वळल्या.

लेक उठली. पहिल्यांदाच तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"आई गेली," ती म्हणाली. "आता तरी तिला कामाला लावू नका."

तिने डस्टर फिरवला. शाई वाळून घट्ट झाली होती, निघेना. मग ती वॉर्डातून स्पिरिटचा बोळा घेऊन आली आणि आईच्या नावाचं एकेक अक्षर पुसत गेली. मोठे डॉक्टर कधी शेजारी येऊन उभे राहिले, तिला कळलंही नाही. तिचं झाल्यावर त्यांनी मार्कर मागितला आणि त्या कामापुढे स्वतःचं नाव लिहिलं.

बैठक उठली, तशी तिने भाऊंना थांबवलं. खातं बंद करण्याआधी एकदा बघायचंय, म्हणाली. भाऊंनी लॅपटॉप उघडला. वर आईचं नाव, खाली न वाचलेल्या सूचनांची रांग. तिने ती रांग शेवटपर्यंत सरकवून पाहिली.

"बंद केल्यावर इथे काय दिसेल?"

"काही नाही दिसणार, ताई."

"करा मग," ती म्हणाली, आणि बटण दाबलं जाईपर्यंत तिने स्क्रीनच्या कडेवर बोट टेकवून ठेवलं.

आता मी खालच्या मजल्यावर, नव्या सिस्टरांच्या शिकवणीच्या खोलीत असतो. तिरका उजेड पडला, की अंगावरची ती पुसट अक्षरं अजून दिसतात. नव्या मुली विचारतात, हे कोण? तुम्हीही कधी आलात तर जरूर विचारा, माईंबद्दल सगळे भरभरून बोलतात. फक्त तुमच्या वाटचं एखादं काम त्यांच्यासाठी ठेवून जाऊ नका. त्या खूप थकल्या होत्या.