दृष्टिहारी महाराज आणि गोलकीपरचे हात

"अरे बाप रे, खून निकल रहा!" कुणीतरी ओरडलं आणि मैदानावरची सगळी गर्दी गोलपोस्टकडं पळाली. मीही पळाले. मी अजून दहावीत असले, तरी फुटबॉलच्या कोचची मुलगी म्हणून कॉलेजात मला कुणी अडवत नाही.

दृष्टिहारी महाराज तांब्या घेऊन उभे होते. समोर सगळा संघ तळहात पसरून रांगेत. महाराज एकेकाच्या हातावर पिवळं तीर्थ ओतत होते. सगळ्यांचे हात पिवळे झाले होते. फक्त आमच्या गोलकीपरचे, गोकुळचे, लालभडक!

"बघा!" महाराज गरजले. "याच्या हातात कली बसलाय! बॉल येतो, हा धरायला जातो, अन् कली म्हणतो, सोड बेटा! ज्याच्या अंगावर रक्त उतरलं, तोच संघाचा दोष!"

बायकांनी हात जोडले. मोबाइल वर झाले.

"सर, म्या काय केलं?" गोकुळ पप्पांकडं बघत राहिला. तो शेंद्रा गावचा. खेळाडू म्हणून त्याला हॉस्टेलात जागा मिळाली होती. संघातून काढलं की हॉस्टेल गेलं, अन् हॉस्टेल गेलं की कॉलेजही गेलंच.

संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब पप्पांना म्हणाले, "श्रीनिवास, रविवारच्या शेवटच्या सामन्यानंतर याचं नाव काढा. त्या दिवशी महाराज पुन्हा बघतील. हात लाल झाले, तर खेळवूही नका."

पप्पांनी नुसती मान डोलावली. अख्खा मोसम त्यांनी असाच काढला होता. मैदान लग्नाला भाड्यानं जायचं, मांडवाचे खड्डे तसेच राहायचे, आमचा सगळ्यात वेगवान पोरगा त्यातच पाय मुरगळून बसला होता. सामने हरत गेलो. खड्डे बुजवा म्हटलं तर निधी नाही, पण महाराजांना आणायला गाडी मात्र लगेच निघाली.

गारखेड्यात घरी आल्यावर पप्पा बूट न काढता तसेच सोफ्यावर बसले. मी बाथरूममध्ये युनिफॉर्मवरचा वरणाचा डाग धूत होते. साबण लावला आणि पिवळा डाग लाल झाला. नेहमीच होतो. पण आज माझा हात तिथंच थांबला.

"पप्पा! मैदानावर फक्की कोण मारतं?"

"गोकुळच. माळी गेल्यापासून तोच चुन्यानं रेघा आखतो. का गं?"

"आजही मारली?"

"हो, सकाळीच. महाराज पायरीवर ध्यान लावून बसले होते तेव्हा."

"डोळे मिटून ना? मग तीर्थ देण्याआधी पोरांना 'हात धुऊ नका, नुसते झटका, साबण लागला तर तीर्थ बाटेल' असं का सांगितलं त्यांनी? गोकुळचे हात त्यांनी बघितले होते म्हणून!"

मी आईच्या पानाच्या डब्यातला चुना तळहातावर चोळला, वरून हळदीचं पाणी ओतलं. तळहात लाल! हळद चुन्याला लागली की लाल होते, साबणाला लागली तरी होते. शाळेत हळदीचा कागद करून आम्ही हेच बघितलं होतं.

मी नाचतच हात दाखवला. पप्पांनी तो उजेडात धरून बघितला.

"मला वाटलंच होतं काहीतरी असेल," ते म्हणाले. "पण चारू, कुणाकुणाशी भांडू? मागच्या वर्षी वास्तुवाल्यानं गोलपोस्ट हलवायला लावले. दमलो मी."

"तुम्ही बसा. मी भांडते."

रविवारी मैदान भरलं होतं. महाराज खुर्चीवर बसले होते, पाय चौरंगावर. मी मुठीत फक्की घेऊन गेले आणि भक्तिभावानं त्यांचे पाय धरले. चांगले चोळून धरले.

"सुखी राहा, बेटी."

"महाराज, तुमच्याच तीर्थानं पाद्यपूजा करू?"

ते फुलले. "कर, कर!"

मी तांब्या ओतला. महाराजांचे पाय घोट्यापर्यंत लाल झाले!

गर्दी वाकून बघायला लागली. मग कॅप्टन विश्वजित म्हणाला, "महाराज, दोष तर तुमच्यात निघाला की! या, बेंचवर बसा."

सगळे हसले. महाराज म्हणाले, "हा शक्तीचा प्रकोप आहे, मूर्ख पोरी!"

"प्रकोप नाही, फक्की आहे," मी माझे पांढरे हात वर केले. "तीर्थात हळद आहे. गोकुळनं त्या दिवशी रेघा आखल्या, त्याच हातांवर तुम्ही ती ओतली. कुणालाही करून बघता येईल. या!"

पोरं खरंच आली. रेघेवरचा चुना हाताला लावून एकेकानं तांब्याखाली हात धरला. सगळे लाल. नानासाहेबांनी लाल हातांची रांग बघितली आणि रुमालानं मान पुसली. महाराजांची गाडी उस्मानपुऱ्याच्या दिशेनं निघूनही गेली.

गोकुळ खेळला. आम्ही हरलो. शेवटी पोरांचे पाय उचलेनात, आणि बदली खेळाडू मुरगळलेल्या पायांना पट्ट्या बांधून बेंचवर बसले होते.

"बघा, हरलोच ना," नानासाहेब पुटपुटले.

सामनाभर ओरडून पप्पांचा आवाज पार बसला होता. तरी ते बोलले, "हरलो, कारण सरावाला मैदान नव्हतं. पोराचं नाव मी काढणार नाही. काढायचं असेल तर आधी माझं काढा."

नानासाहेब वळून चालायला लागले. गोकुळ मातीतच बसला होता. त्यानं विचारलं, "सर, उद्या सराव हाय ना?"

"आहे," पप्पा म्हणाले आणि त्याच्याशेजारी बसले.

तुम्हाला एवढंच सांगते. उद्या कुणी एखाद्याच्या हातावर रक्त उतरलं म्हणालं, तर पाया पडण्याआधी विचारा, ते हात सकाळी कोणत्या कामात होते. आणि सापडलेलं उत्तर मोठ्यानं सांगा. मोठी माणसं दमली असतील, तर तुम्ही सांगा.