अर्जदार एकटे राहतात

अहवाल चार पानांचा होता. भाचीनं तो दारातच उघडला आणि तिसऱ्या ओळीवर थांबली. 'अर्जदार एकटे राहतात.'

मावशी एकटी राहत नव्हती. सहा वर्षं ती भाचीकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत होती. आणि राहत असतीच, तरी तिथे 'एकट्या' हवं होतं. भाची एका रुग्णालयात डॉक्टरांची तोंडी टिपणं ऐकून टाइप करायची. असल्या चुका तिला आधी दिसत, मजकूर नंतर.

पुढचा मजकूर असा होता. अर्जदार दोन बस बदलून रोज बाहेर पडतात. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढतात. स्वतःपुरता स्वयंपाक करतात. घरी मासे पाळले आहेत. भीती वाटते का? नाही, असे सांगितले. निष्कर्ष : कामास योग्य.

मावशीनं चष्मा लावून चारही पानं वाचली.

"ही कोण बाई गं?"

"तूच. म्हणजे त्यांच्या मते."

"मासे केव्हा आणले मी?"

दोघी हसल्या. मावशीचं हसणं आधी थांबलं.

मावशी अठरा वर्षं पार्सलच्या खिडकीवर कामाला होती. एका सकाळी रांगेतल्या माणसानं पावती पुढे केली आणि तिला हात उचलता येईना. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, श्वास अर्ध्यावर अडकलेला. मग हे रोजचं झालं. गेल्या दोन वर्षांत ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही एकटी गेली नव्हती. सरकारी मदत मिळत होती म्हणून ती घरी राहू शकत होती. अहवाल कायम राहिला तर मदत बंद, आणि पहिल्या तारखेपासून कामाच्या केंद्रात रोज आठ तास हजेरी. सोबतीला कोणाला नेता येत नाही.

ही मदत चालू ठेवायची का, ते ठरवणाऱ्या तपासणीच्या दिवशीही सोबतीला आत घेतलं नव्हतं. भाची पस्तीस मिनिटं बाहेरच्या बाकावर बसली होती. दाराआडून येत होता तो बहुतेक पुरुषाचाच आवाज. तपासनीस साहेब प्रश्न फार लांबवतात, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

तिनं फेरविचाराचा अर्ज केला : अहवाल दुसऱ्याच कोणाचा दिसतो, कृपया फाइल तपासावी. नवव्या दिवशी उत्तर आलं. फाइल तपासली. अहवाल याच अर्जदाराचा आहे.

तिनं फोन केला.

"नाव बरोबर आहे, सही बरोबर आहे," कारकून म्हणाला. "मासे मोजायला आम्ही घरी येत नाही, मॅडम."

"आणि 'एकटे'?"

"टायपिंगची चूक असेल."

"मी टायपिंगच करते."

"मग तुम्हाला माहीतच आहे," म्हणून त्यानं फोन ठेवला. तिनं त्याच दिवशी अपील टाकलं.

त्या आठवड्यात मावशीनं दाराला साखळी लावायला सुरुवात केली. कडी आधीपासून होतीच.

"कोणासाठी गं?"

"ती आली तर?"

"कोण?"

"अहवालातली. तिचं सगळं छान चाललंय, ठके. बस बदलते, जिने चढते. तुला तिचा काही त्रास नाही. ती दारात उभी राहिली, तर मला कुठे ठेवशील?"

"तिला आल्या पावली परत पाठवीन."

"कागद तिच्याकडे आहेत."

मावशी हे अगदी सपाट आवाजात बोलली. दोन दिवसांनी बाथरूममधला तिचा टूथब्रश दिसेना. तो उशीखाली सापडला. "तिच्यात मिसळायला नको," ती म्हणाली. त्यानंतर संध्याकाळी घरी येताना भाची कोपऱ्यावरून आधी खिडकीकडे बघायची आणि आत एकच सावली आहे ना, याची खात्री करायची. ती हे का करते, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

तपासणीतल्या प्रत्येक मुलाखतीचं ध्वनिमुद्रण होतं आणि त्याची प्रत मागता येते, हे फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं. सुनावणीला सहा दिवस उरले असताना प्रत आली. भाचीनं ती जेवणाच्या सुट्टीत कामावरच्या टेबलाशी ऐकली. कानावर हेडफोन, पायाखाली पेडल. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. रोजच्यासारखी ती ऐकता ऐकता टाइप करू लागली.

तपासनीस : बाहेर एकट्या जाता का?

मावशी : आपण जाता?

भाचीनं पेडल सोडलं. मावशी घाबरली की प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देते, म्हणजे बोलायची पाळी समोरच्यावर जाते. आणि अनोळखी माणसाला ती कायम 'आपण' म्हणते. 'तुम्ही' म्हटलं तर तो रागावेल अशी तिला धास्ती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. समोरचा उत्तर देत बसेल, हे कोणाला सुचलं नसतं.

तपासनीस : मी... हो. दोन बस बदलतो.

पुढे तसंच. घरी कोण असतं? आपल्या घरी कोण असतं? कोणी नाही, मासे आहेत. जिना चढवतो का? आपल्याला चढवतो? तिसऱ्या मजल्यावर राहतो, चढावाच लागतो. प्रत्येक उत्तरानंतर कागदावर पेन चालल्याची खरखर येत होती. विसाव्या मिनिटापर्यंत त्याचा आवाज इतका खाली आला होता, की तिला आवाज वाढवावा लागला.

तपासनीस : भीती वाटते का?

मावशी : आपल्याला नाही वाटत?

मग काहीच नाही. तिनं घड्याळ लावून मोजलं : एकोणीस सेकंद. पेन नाही, खुर्ची नाही. कोणीतरी श्वास घ्यायला सुरुवात करून तो मध्येच सोडून दिल्यासारखं दोनदा वाटलं. मग एक शब्द.

नाही.

हा शब्द कोणाचा, ते तिला कळेना. तिनं तो बारा वेळा ऐकला. त्याचाही वाटे, मावशीचाही वाटे. बाराव्या वेळी तो तिला स्वतःचा वाटला. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

घरी मावशी म्हणाली, "मीच म्हणाले असेन गं. समोरच्याला हवं ते मी म्हणून टाकते."

"आठवतंय का तुला?"

"तुला काय हवंय, आठवायला हवंय की नको?"

'तपासनीस : नाही' असं टाइप करायला भाचीला काही अडचण नव्हती. पण तिच्या कामात एक नियम होता : जे नीट ऐकू आलं नाही, ते ऐकलं असं लिहायचं नाही. एका चुकीच्या शब्दानं माणूस मरू शकतो, हे तिला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तिनं लिहिलं : [आवाज ओळखता येत नाही]. त्या रात्री तिला झोप आली नाही.

सुनावणीची खोली लहान होती. खिडक्या वरच्या अंगाला, एक लांब टेबल, पलीकडे तिघं. मधल्या बाई अध्यक्ष होत्या. कोपऱ्यात टंकलेखक. मावशी भाचीची बाही मुठीत धरून बसली होती. तपासनीस टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता : पन्नाशीचा, नीट इस्त्री केलेला शर्ट, हात मांडीवर.

"मासे, बस, जिना," अध्यक्षबाई म्हणाल्या, "ही उत्तरं तुमची आहेत. अर्जदारांच्या नावावर कशी गेली?"

"दिवसाला अकरा मुलाखती असतात," तो म्हणाला. "मी उत्तरं लिहून घेतो. खोलीत दोघंच असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे उत्तर आलं की मी लिहितो."

टंकलेखकानं तेही उतरवलं. अध्यक्षबाई भाचीकडे वळल्या.

"त्या चुका मान्य. पण निकाल भीतीच्या उत्तरावर आहे. ते उत्तर अर्जदारांचं असेल, तर मला निर्णय बदलता येणार नाही. इथे तुम्हीच लिहिलंय, आवाज ओळखता येत नाही."

"हो," भाची म्हणाली.

"लावा."

खोलीत मावशीचा आवाज आला. आपल्याला नाही वाटत? मग ते एकोणीस सेकंद. हेडफोनमध्ये ते एका माणसापुरते होते. इथे सगळी खोली त्यांत बसली होती. पॅनेलवरच्या एका गृहस्थांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. त्यांनी पुन्हा पाहिलं.

नाही.

"हा आवाज कोणाचा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

तपासनीसानं तोंड उघडलं. त्याचे हात आता टेबलावर होते आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती. कपाळावर घाम होता. त्यानं श्वास घ्यायला सुरुवात केली आणि तो मध्येच सुटला. पुन्हा घेतला, पुन्हा सुटला. हा आवाज भाचीनं बारा वेळा ऐकला होता.

"उत्तर द्या."

"त्यांना काही विचारू नका आता," मावशी म्हणाली.

तिनं भाचीची बाही सोडली होती. ती उठली, टेबलाला वळसा घालून चालत गेली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सोडा. आधी सगळा श्वास बाहेर सोडा. घेण्याचं नंतर बघू. हं. अजून."

भाचीचं लक्ष अध्यक्षबाईंच्या पेनाकडे होतं. ते उचललं गेलं होतं. अर्जदार आपणहून उठल्या, अनोळखी माणसाजवळ गेल्या, स्पष्ट बोलल्या : मदत बंद करायला एवढं एक वाक्य पुरलं असतं. कोपऱ्यात टंकलेखकाची बोटं चालू होती.

"माझा," तपासनीस म्हणाला. "आवाज माझा आहे."

"आणि ते उत्तर खरं होतं?"

त्यानं मान हलवली. नाही.

अध्यक्षबाईंनी मावशीकडे पाहत पेन खाली ठेवलं. मग कोपऱ्याकडे न वळता म्हणाल्या, "अर्जदार उठल्या तिथपासूनचं काढून टाका. फक्त 'आवाज माझा आहे' हे ठेवा."

कोपऱ्यात कळा वाजल्या, टंकलेखक मजकूर मागे मागे पुसत गेला.

अहवाल रद्द झाला. मदत चालू राहील, पुढची तपासणी दोन वर्षांनी, सोबतीसह. भाचीनं आदेशाची प्रत घेतली आणि पहिली ओळ दोनदा वाचली. 'अर्जदार भाचीसोबत राहतात.' मावशी बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसली होती. शेजारी एक तरुण बाई फाइल छातीशी धरून बसली होती.

तपासनीस बाहेर आला. त्यानं तोंड धुतलं होतं, केस विंचरले होते. घड्याळात अडीच वाजले होते. त्यानं हातातली मुलाखतींची यादी पाहिली, समोरची खोली उघडली आणि त्या तरुण बाईला अतिशय सौम्य आवाजात म्हणाला, "या. एकट्याच आलात?"