मूठभर खडे मीठ

बाटली गार राहिली पाहिजे, एवढं एकच लहानूच्या डोक्यात होतं. सायकलच्या कॅरिअरला आइस्क्रीमची लाकडी बादली सुतळीने आवळलेली, बादलीत बर्फ आणि बर्फात रक्ताची काचेची बाटली. वर मे महिन्याचं ऊन. अठ्ठ्याहत्तर सालचा तो उन्हाळा असा होता की नागपुरातली कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायच्या आधी विचार करत. धंतोलीच्या एका खासगी दवाखान्यात त्याची बायको जयवंता ऑपरेशनची वाट बघत पडली होती, आणि ही बाटली पोहोचल्याशिवाय डॉक्टरीणबाई सुरीला हात लावणार नव्हत्या.

जयवंताच्या पोटात गाठ होती. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या अंगावरून जात होतं, आणि बायकांची रीतच अशी की पदर खोचून काम करत राहायचं, कोणाला काही सांगायचं नाही. सांगितलं तेव्हा ती कागदासारखी पांढरी पडली होती. त्यात तिचा रक्तगट दुर्मिळ. सगळ्या गोतावळ्यात जुळला तो फक्त तिच्या थोरल्या भावाचा, दादाजीचा. कोराडीच्या वीज कारखान्यात राख उपसणारा तो हाडकुळा माणूस दोन दिवसांपूर्वी सरकारी दवाखान्याच्या रक्तपेढीत रक्त देऊन आला. ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. पण मंगळवारी सकाळीच जयवंताला पुन्हा रक्तस्राव सुरू झाला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजच करायचं, रक्त घेऊन या.

थर्मास कोणाकडे होता? होता तो अरुंद गळ्याचा, त्यात बाटली शिरेना. तेव्हा लहानूने आपली बादली उचलली. लहानूचे आजोबा, बाप हातमागावर बसत. मागाचं पोटाला पुरेना तेव्हा लहानूने लग्नाकार्यात हाताने फिरवायचं आइस्क्रीम करून द्यायचा धंदा धरला. लाकडी बादलीत मधोमध दुधाचा डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि वर दांडा फिरवत बसायचं. गारव्याच्या बाबतीत नागपुरात आपल्याला कोणी शिकवू नये, असा त्याला थोडा ताठा होताच. रक्तपेढीतल्या माणसाने बादली पाहून मान डोलावली. "छान. थंड ठेवा, ऊन लागू देऊ नका," एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

लहानूने मधला डबा काढून ठेवला आणि बाटली सरळ बर्फातच रोवली.

कॉटन मार्केटपाशी सायकल पंक्चर झाली. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधायला घेतलं, आणि इकडे बादलीतून पाण्याची धार लागली. समोरच्या हातगाडीवरून लहानूने बर्फाचा मोठा तुकडा घेतला, गोणपाटात घालून ठेचला आणि बाटलीभोवती दाबून बसवला. मग त्याचा हात बादलीच्या कडीला लटकवलेल्या पिशवीत गेला. मूठभर खडे मीठ बर्फावर पडलं, त्यावर दुसरी मूठ. बारा वर्षं बर्फ घातला की मीठ घातलं होतं. हाताला कुठे ठाऊक की आज मधे दूध नाही? वर ओलं गोणपाट बांधून तो सावलीला उभा राहिला, आणि बाटली आता चांगली गार राहील म्हणून त्याला बरंसुद्धा वाटलं.

मीठ लागलं की बर्फ बर्फापेक्षा गार होतो. हे लहानूइतकं कोणाला माहीत होतं? पण ऐन वेळी माणसाला आपलीच विद्या परकी होते.

दवाखान्याच्या फाटकाशी पोहोचून त्याने बाटली वर काढली, तेव्हा ती बोटांना चिकटली. त्याने ती कलती केली. आतलं सगळं रक्त हललं नाही. मधे थोडं लोळलं, पण कडेकडेने काचेला धरून जमलं होतं, लालकाळं, कुल्फीच्या साच्यात जमतं तसं. आणि रक्तपेढीत बाटलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीच्या वरच्या कडेशी असलेली पातळी आता चांगली बोटभर वर चढली होती.

साचे काठोकाठ भरायचे नसतात, हे लहानू हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगे. जमताना माल फुगतो. जागा ठेवली नाही तर झाकण उडतं. मागल्या वर्षी एका लग्नात कोणी शहाण्याने सोड्याची बाटली त्याच्या बादलीत खुपसली होती, तिच्या ठिकऱ्या झाल्या होत्या. या बाटलीत वर जागा होती म्हणून काच वाचली, एवढंच.

आत जाऊन सांगावं? मग ऑपरेशन थांबेल. जयवंताकडे थांबायला वेळ नव्हता. आणि सांगायचं तरी काय, की जन्मभर बर्फात हात घालणाऱ्याने मीठ घातलं? व्हरांड्यात सासू बसली होती, दादाजी बसला होता.

फाटकाच्या आत बागेचा नळ होता. मे महिन्यातलं नागपूरचं नळाचं पाणी, चहा टाकावा इतकं तापलेलं. लहानूने इकडेतिकडे पाहिलं आणि बाटली धारेखाली धरली. हळूहळू कडा सुटल्या, रक्त हलायला लागलं, आणि पातळी उतरत उतरत चिठ्ठीच्या कडेशी येऊन थांबली. होती तिथेच. त्याने सुस्कारा सोडला. पाण्याचा बर्फ होतो, बर्फाचं पाणी होतं, मधे जातं काय? काही नाही. बाटली धोतराला पुसून तो आत गेला आणि सिस्टरच्या हातात देऊन मोकळा झाला.

मोकळा कसला. व्हरांड्यात दादाजी बाकावर भिंतीला टेकून बसला होता, कोपराच्या आत चिकटपट्टी. सासू, प्रयागबाई, त्याला पदराने वारा घालत होती.

"आनलं का गा?" दादाजीने विचारलं.

"आनलं."

"उशीर काहून झाला?"

"पंक्चर झालं होतं."

दादाजीने मान हलवली आणि डोळे मिटले. त्या एवढ्याशा विश्वासाची लहानूला लाज वाटली. तो तिथे बसूच शकला नाही. जयवंताच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

डॉक्टरीणबाई ऑपरेशनच्या तयारीत होत्या. त्यांनी सांगून ठेवलं होतं की रक्त खोलीतच सुरू करा. सिस्टरने बाटली उलटी करून स्टँडला टांगली, रबरी नळी जोडली, जयवंताच्या हातात सुई घातली. जयवंता डोळे उघडून नवऱ्याकडे बघून हसल्यासारखं करत होती. तिच्यामागे खिडकी होती आणि खिडकीतून ऊन. ऊन बाटलीवर पडलं, आणि बाटलीतून पलीकडे आलं. खिडकीचे गज लहानूला रक्तातून दिसले.

रक्तपेढीतल्या माणसाने हीच बाटली दिव्यासमोर धरली होती. तेव्हा वर पिवळसर पाणी होतं आणि खाली गडद, मातीच्या गाळासारखं घट्ट. त्यातून दिवा दिसत नव्हता. सायकलवर ते दोन्ही एकत्र झालं असणार, हे लहानूला कळत होतं. पण गढूळ पाणी ढवळलं तर अधिक गढूळ होतं, आरपार कसं होईल? हे तर सरबत दिसत होतं. त्यातलं काहीतरी फुटलं होतं, आणि ते परत जागेवर आलं नव्हतं.

सिस्टरने नळीचा चिमटा सैल केला. लाल रेघ नळीतून खाली सरकू लागली.

लहानू कधी पुढे झाला ते त्यालाही कळलं नाही. त्याने नळी दुमडून मुठीत पकडली आणि आवळली.

"अहो, हे काय करता? सोडा," सिस्टर म्हणाली.

"नाही सोडत. सुई काढा बाई. आधी सुई काढा."

"वेड लागलं का तुम्हाला?"

"रक्त जमलं होतं. म्या मीठ टाकलं बर्फात. नळाखाली धरून वितळवलं."

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई आल्या, मागोमाग प्रयागबाई आणि भिंत धरत दादाजी. बाईंनी सुई काढली, बाटली उतरवून खिडकीशी नेली. एकदाच बघितली.

"हे अंगात गेलं असतं तर हिची मूत्रपिंडं बंद पडली असती," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातून काय झालं असतं, कळतंय तुम्हाला?"

लहानूची मूठ अजून आवळलेलीच होती. "पन बाई, पानी तं परत पानीच झालं. पातळीबी जागेवर आली."

बाई संतापल्या होत्या, पण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्यायची त्यांना खोड होती. सिस्टरला सलाइन लावायला सांगत, जयवंताची नाडी धरून, त्या तोडून तोडून बोलल्या.

"रक्तात बारीक बारीक पिशव्या असतात, पाण्याने भरलेल्या. लाल रंग त्यांच्यात असतो. पाणी गार होताना आधी आकसतं, चार अंशांपर्यंत. रक्त आम्ही तिथेच ठेवतो. त्याखाली गेलं की उलटं व्हायला लागतं, फुगतं. का, तर गर्दीत माणसं कशीही खेटून मावतात; पण भुलाबाईचा फेर धरायचा तर एकमेकींचे हात धरून मधे जागा सोडावी लागते ना? गोठताना पाण्याचे कण तसा फेर धरतात. जागा जास्त लागते, बर्फाच्या टोकदार काड्या होतात. त्यात पिशव्या फाटतात. फेर सुटला की पाणी परत खेटून बसतं, म्हणून तुमची पातळी खाली आली. फाटलेली पिशवी कशी शिवणार?"

लहानूने मान खाली घातली. साचे बोटभर रिकामे ठेवायला तो बारा वर्षं शिकवत आला, आणि का ते त्याला आज, या खोलीत कळलं.

"आता हिचं कसं?" प्रयागबाईने विचारलं.

"रक्ताशिवाय पोट उघडलं तर टेबलावर जाईल. नाही उघडलं तर संध्याकाळपर्यंत जाईल. हा गट पेढीत दुसरा नाही, मी सकाळीच विचारलंय."

मग दादाजी सदऱ्याची बाही वर करू लागला. काल-परवाची चिकटपट्टी दिसली तशी त्याने दुसरा हात पुढे केला.

"परवाच दिलंय तुम्ही. तीन महिने घेऊ नये असा नियम आहे," बाई म्हणाल्या.

"नियम तिले सांगा, जयवंताले. तिनं आयकला तं मीबी आयकतो."

प्रयागबाई मधे आली. एका बाजूला पोरगी, एका बाजूला पोरगा. शेवटी ती लहानूकडे वळली. "जवाईबापू, याले काही झालं तं मी कोनाकडं पाहू?" तिने शिवी दिली असती तर लहानूला सोपं गेलं असतं.

"अर्धीच बाटली घेईन," बाई म्हणाल्या. "धोका आहे, सांगून ठेवते. त्या अर्ध्या बाटलीत मला काम भागवावं लागेल."

बाजूच्या खोलीत दादाजीला झोपवलं. सुई टोचली, खाली ठेवलेल्या बाटलीत धार लागली. ते रक्त साकळू नये म्हणून कोणीतरी बाटली सतत हलकी हलवत राहायला हवी होती, आणि सिस्टरला ऑपरेशनच्या खोलीत जायचं होतं. तिने प्रयागबाईकडे पाहिलं. म्हातारीचे हात लटलट कापत होते.

"लहानूच्या हाती द्या," दादाजी म्हणाला.

लहानू दाराशी मागे सरकला. "मले नोको. दुसऱ्या कोनाले सांग."

दादाजीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. राग होता, लपवलेला नव्हता. "धर ना गा. परवा काढलं, आज दुसऱ्यांदा निघून राहिलं. तिसऱ्यांदा नाही निघत. या रक्ताले आता तुह्यासारखा भेलेला मानूसच पाहिजे."

लहानू खाली बसला. बाटली त्याने दोन्ही तळव्यांत घेतली आणि दचकला. ती कोमट होती, नुकत्याच आंघोळ घातलेल्या लेकरासारखी. त्याने ती डुलवायला सुरुवात केली, दांडा कधी फिरवला नसेल इतक्या हळू. दादाजीचा चेहरा फिकट होत गेला, ओठ सुकले, कपाळावर घाम आला. लहानूची नजर बाटली आणि त्या चेहऱ्यावरून फिरत राहिली, आणि बाई "बस" म्हणेपर्यंत त्याने श्वास घेतला की नाही, त्यालाच ठाऊक.

संध्याकाळी ऊन कललं तेव्हा बाई बाहेर आल्या. "निभावलं," एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या. प्रयागबाई भिंतीकडे तोंड करून रडली. लहानूला रडूही येईना.

रात्र पडायच्या सुमारास जयवंता शुद्धीवर आली. लहानू तिच्या उशाशी वाकला. सांगायचं तर आत्ताच, उद्यावर ढकललं तर तोंड उघडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"दादाचं रक्त लागलं का मले?" तिने विचारलं.

"लागलं. पन दोनदा काढा लागलं. पैलं म्या नासवलं. मीठ टाकलं बर्फात, आन् वरून लपवलं."

जयवंताचं बोलणं इतकं बारीक झालं होतं की त्याला कान ओठांशी न्यावा लागला.

"दादा जेवला का?"

दोनदा रक्त दिलेला माणूस दुपारपासून बाकावर पडला होता, आणि त्याला घोटभर दूध द्यायचं कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"मंग इथं काय करून राहिले?" जयवंता म्हणाली. "जा. त्याले खाऊ घाला आधी. माह्याशी मंग बोला."