एर्मेलिंडाचं काळं

आम्हा तिमोरी लोकांत नवरा गेला की बाई वर्षभर काळं घालते. वर्ष भरलं की डुक्कर कापायचं, गावाला जेवू घालायचं, काळं उतरवायचं आणि नाचायचं. माझ्या धाकट्या बहिणीनं, एर्मेलिंडानं, एकोणीस वर्षं ते उतरवलं नाही. आहेच ती हट्टी!

तिच्या जानुआरियुला नव्व्याण्णव साली चर्चच्या अंगणात कापलं. त्याच्याबरोबर आणखी चाळीस जण. हुकूम इंडोनेशियाच्या बाजूनं लढणाऱ्या टोळीच्या म्होरक्याचा, बेल्शियोरचा. आणि बेल्शियोर कोण, तर आमचा सख्खा मामेभाऊ. एका ताटात जेवलेला!

"तो कोर्टात उभा राहून शिक्षा ऐकेल, त्या दिवशी उतरवीन," असं एर्मेलिंडा म्हणाली होती. राजधानीतल्या, दिली शहरातल्या कोर्टानं तिची साक्ष घेतली, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचं आरोपपत्र काढलं. पण बेल्शियोर नदीपलीकडे, इंडोनेशियात. कोर्टाचा कागद काही नदी ओलांडेना. बाजाराच्या दिवशी तो पलीकडच्या काठावर खुशाल म्हशी धुताना दिसायचा, निर्लज्ज.

मागच्या मंगळवारी तो गेला. अंथरुणात, नातवंडांच्या गराड्यात.

बुधवारी कोर्टातून फोन आला. आरोपी मयत, खटला बंद. एर्मेलिंडा मका सोलत होती, ती सोलतच राहिली.

तेवढ्यात अबिलियु मामा आला, बेल्शियोरचा बाप. मला म्हणाला,

"पोराला वाडवडिलांच्या मातीत पुरायला आणतोय, दोमिंगास. नात्यातल्या सगळ्यांनी काळं घालायचं बरं का." मग एर्मेलिंडाकडे बघून म्हणाला, "तुझं बरंय पोरी, तुझ्या अंगावर आहेच."

माझं डोकं असं फिरलं! पण आईचा भाऊ ना तो. मी मुकाट्यानं काळं झंपर शोधायला लागले. सांगायलाही लाज वाटते.

शुक्रवारी पेटी नदी ओलांडून आली. सगळं खानदान काळ्यात. सर्वांत शेवटी एर्मेलिंडा आली, लग्नातलं लाल वस्त्र नेसून. काठाला कसर लागली होती.

"अगं, लाज आहे का? मयताला लाल?" मामा ओरडला.

"काळं जानुआरियुचं होतं, मामा. त्यातला धागासुद्धा ह्याला द्यायची नाही मी."

"पण एर्मे, निकाल लागल्यावर उतरवणार होतीस ना गं?" मी हळूच म्हटलं.

"कुठला निकाल, ताई?" म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली.

मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. तिनं माझ्या काळ्या बाह्यांकडे पाहिलं आणि मागे सरली.