व्हर्लिनचं वजन

ओहायोतल्या आमच्या दारांच्या कारखान्यात व्हर्लिन हॉस्किन्स माझ्या शेजारी गोंदाच्या यंत्रावर उभा असायचा. अंगाने आडवा, आवाजाने त्याहून मोठा. कंपनीने कामगारांच्या तब्येतीसाठी योजना काढली तेव्हा पहिली थट्टा त्यानेच केली. पण वजन उतरवणाऱ्याचा कंपनीतल्या आरोग्य विम्याचा हप्ता कमी होणार होता, म्हणून बायकोने, नडीनने, त्याला नाव द्यायला लावलं.

उन्हाळा सरेपर्यंत त्याचे गाल बसले. मॅनेजरने त्याला कॅन्टीनमध्ये उभं करून आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. योजनेची सल्लागार केंड्रा, पंचविशीतली पोरगी, दर आठवड्याला फोन करून त्याचं कौतुक करायची. पाठ दुखते म्हणाला, तर तिने अंग ताणायचे व्यायाम सांगितले. ती काही डॉक्टर नव्हती. समोरच्या पडद्यावर लिहिलेलं असेल ते वाचायची.

खटकलं ते फक्त नडीनला. एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. व्हर्लिनने भाजलेलं डुकराचं मांस, बटाट्याचा ढीग आणि वर पीचच्या गोड 'पाय'चे दोन तुकडे संपवले. नडीन त्याच्याकडे बघत राहिली.

"घोड्यासारखा खातोस आणि वाळत चाललायस," ती म्हणाली. "हे कसलं डाएट?"

"सगळे टाळ्या वाजवतायत, आणि तुझंच तोंड वाकडं."

"टाळ्या वाजवणाऱ्यांचं काय जातंय? उद्या डॉक्टरकडे चल."

तो गेला नाही. कंपनीच्या तपासणीत रक्तदाब उत्तम निघाला होता, तेवढं त्याला पुरलं. ऑक्टोबरात डोळे पिवळे झाले तेव्हा नडीनने त्याला गाडीत कोंबून नेलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, यकृतापर्यंत पोचलेला. डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? नडीन मला नंतर म्हणाली, उत्तर देताना त्याला लाज वाटत होती.

औषधं सुरू झाली, तरी तो कामावर येत राहिला. नोकरी गेली असती तर विमाही गेला असता. दारं मी उचलायचो, तो उलट्या बादलीवर बसून गोंदाची धार धरायचा. फोरमन दुसरीकडे बघायचा.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी केंड्रा त्यांच्या घरी आली. दारातच उभी राहून म्हणाली, "मी विचारायला हवं होतं."

"काय विचारलं असतंस?"

"न जेवता उतरतंय की जेवून."

नडीनने तिला आत घेतलं, कॉफी दिली. "त्याचं आता काही व्हायचं नाही," ती म्हणाली. "बाकीच्यांना तरी विचार."

केंड्रा विचारू लागली. दुखतं कुठे, झोप लागते का, घरी काय चाललंय. रंगकामातल्या एका बाईला तिने हट्टाने डॉक्टरकडे पाठवलं. फोन फार लांबतात म्हणून वरून दोनदा समज मिळाली आणि फेब्रुवारीत तिला काढलं.

व्हर्लिन मार्चमध्ये गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचेस आणि कॉफी होती. केंड्रा आली होती, कोपऱ्यात बशा गोळा करत होती. मॅनेजरने नडीनचा हात हातात घेतला आणि म्हणाला, गेल्या उन्हाळ्यात किती छान दिसत होता व्हर्लिन. मनापासून म्हणाला तो. मागून आणखी दोघं तेच म्हणाले. नडीन प्रत्येकाला मान डोलावत राहिली.