वाऱ्याची पिशवी

या, असे जवळ सरकून बसा. देवाने बिनहाडाची जीभ बत्तीस दातांच्या पहाऱ्यात ठेवली. तरी मेली निसटते कशी, त्याची ही गोष्ट.

एक दातांची डॉक्टरीण होती. तिच्या दवाखान्यात तिची मावशीच सगळं बघायची. नंबर लावायची, अवजारं उकळायची, आणि बोलायची. "तुम्ही फक्त आ करा, बोलायचं माझ्याकडे लागलं," म्हणत ती शेळीने पळवलेल्या कवळीची गोष्ट सुरू करी. गोष्ट रंगात येईतो दाढ ताटलीत पडलेली असे.

एकदा डॉक्टरिणीचे जुने सर दवाखाना बघायला आले. मावशीने त्यांनाही सोडलं नाही; त्यांच्या टकलापासून सुरुवात केली. डॉक्टरिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती हसून इंग्रजीत म्हणाली, लक्ष देऊ नका सर, ही आमची चॅटरबॉक्स, नुसती विंडबॅग. सर हसले. मावशीही हसली. सर गेल्यावर तिने अर्थ विचारला, तेव्हा भाचीने थाप मारली की बोलण्यात जिचा हात कुणी धरणार नाही, तिला असं म्हणतात.

झालं! बॉक्स म्हणजे डबा नि बॅग म्हणजे पिशवी, दोन्ही काठोकाठ भरलेली, असं मावशी आल्यागेल्याला सांगत सुटली. एवढ्या मोठ्या डॉक्टरांपुढे माझी पोर म्हणाली, हेही वर. ते ऐकताना डॉक्टरीण मान वर करत नसे. शेवटी दाढ दाखवायला आलेल्या इंग्रजीच्या बाईंनी चाचरत खरं सांगितलं. चॅटरबॉक्स म्हणजे टकळी. आणि विंडबॅग म्हणजे वाऱ्याची पिशवी. बोलणं उदंड, आत काही नाही.

मावशी भांडली नाही. तिने तोंडाला कुलूप घातलं. "पुढचे या," एवढंच म्हणे. आई गेल्यावर घुमी झालेल्या भाचीला बोलून बोलून माणसांत आणलं होतं, ते हिनेच.

दुसऱ्या दिवशी एक धिप्पाड ट्रकवाला खुर्चीत बसला आणि त्याने ओठ गच्च मिटले. आज गोष्ट नाही का, असं त्याने दातांआडूनच विचारलं. मावशी ताटली पुसत राहिली. डॉक्टरिणीचे कान तापले. त्याच्यादेखतच ती म्हणाली, "मावशी, मी तुला खोटं सांगितलं गं. सरांपुढे मला तुझी लाज वाटली. आता माझी वाटते."

मग डॉक्टरीणच अडखळत सांगू लागली, की एका म्हाताऱ्याची कवळी होती, ती मांजराने पळवली...

"शेळीने," मावशी म्हणाली.

डॉक्टरिणीची मान खाली गेली. इतकी वर्षं कानावर पडलेली गोष्ट तिने एकदाही ऐकली नव्हती.

"सरक. तू तुझी दाढ बघ," मावशी म्हणाली. "हं दादा, आ करा."

तर माझ्या मायबापांनो, परक्या भाषेच्या आडून आपल्याच माणसाला हसावंसं वाटलं, तर या मावशीची तेवढी आठवण ठेवा.