कोणी वापरतं का?

चकलीचं पीठ मळून तयार होतं, तिकडे पुण्यात मंदामावशींनी कढई चढवली होती, आणि नेमका तेव्हाच आमच्या ओट्यावरचा लॅपटॉप मुका झाला.

"गुरू, मंदाचा आवाज येईना," सासूबाई म्हणाल्या.

मंदामावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. दर दिवाळीला दोघी एकदमच चकल्या तळायच्या, एक इथे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला, एक पुण्यात. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. मावशींना तेलाचा अंदाज जन्मात आला नाही. मग चाचणीचा पिठाचा तुकडा कढईत पडला की इथे आई लॅपटॉपला कान लावून ऐकायच्या आणि सांगायच्या, थांब जरा, किंवा सोड आता. हात पिठाचे, त्यामुळे फोनचा काही उपयोग नसे.

माझा नवरा गुरुनाथ धावत आला. वेलिंग्टनला ट्रेनने जाऊन तो जी नोकरी करतो, ती फक्त पोटासाठी. त्याचं खरं काम शनिवारी सुरू होतं. कम्प्युटर ज्याच्या जिवावर चालतो त्या सगळ्यात आतल्या भागाला कर्नल म्हणतात, एवढं मला लग्नानंतर कळलं. जग नव्या कर्नलवर गेलं, पण जुन्या कर्नलमधलं वायरलेस, म्हणजे वायफाय, सांभाळायचं काम हा फुकटात करत राहिला. इतर नवरे शनिवारी लॉन कापतात. आमचं गवत गुडघ्याला लागतं आणि पोलंडमधल्या कुणाचं तरी वायरलेस सुरू होतं.

पण त्या वर्षी कुणी विचारेनासंच झालं. या लोकांची एक रीत आहे. जुनं काही काढायचं तर आधी मेलिंग लिस्टवर, म्हणजे जगभरच्या सगळ्यांना एकदम ईमेल करून, विचारायचं, कोणी वापरतं का? कुणी बोललं नाही तर काढून टाकायचं. गुरुनाथने विचारलं. कुणीही बोललं नाही. त्याच दिवशी सकाळी त्याने तो वायरलेसचा भाग काढला आणि दिवसभर तोंड पाडून गॅरेज आवरत बसला. आपलं काम कुणाला नकोसं झालं, हे त्याला फार लागलं होतं. मलाही वाईट वाटलं, पण गॅरेज स्वच्छ होत होतं म्हणून मी त्याला अडवलं नाही.

आता त्याने राउटर बंद करून चालू केला. मग ब्रॉडबँड कंपनीला फोन लावला, त्यांचं संगीत ऐकलं आणि एका सज्जन मुलाला झापलं. तो मुलगा बिचारा "नो वरीज" म्हणत राहिला. आई पिठाचे हात तसेच धरून उभ्या होत्या.

"या लॅपटॉपमध्ये नवा कर्नल आहे की जुना?" मी विचारलं.

"जुनाच. नवा त्याला जड होतो," असं म्हणून गुरुनाथ थांबला. आपण जे काही नवं करू ते या लॅपटॉपमध्ये आपोआप जावं, अशी सोय त्याने स्वतःच करून ठेवली होती. आणि विसरला होता. सकाळी काढलेलं वायरलेस त्यामुळे इथूनही गेलं होतं.

मला हसू आवरेना. मी फार्मासिस्ट. आमच्याकडे एखादं जुनं औषध बंद करायचं असलं की ते घेणाऱ्या म्हाताऱ्यांना आम्ही एकेकाला फोन करतो. "ते काही ईमेलला उत्तर देत नाहीत रे," मी म्हटलं. तोही हसायला लागला. कित्येक दिवसांनी हसला.

काढलेलं सगळं त्याने परत बसवलं. लॅपटॉप सुरू झाला आणि मावशींचा आवाज आला, "ताई, अगं तेल धुरावलं."

"आधी गॅस बंद कर," आई म्हणाल्या, आणि आमचं स्वयंपाकघर पुन्हा मार्गी लागलं.

गुरुनाथने लिस्टवर कळवलं, की एक वापरणारी सापडली आहे, माझी आई, तेव्हा हा भाग राहील. सकाळपर्यंत उत्तरांची रीघ लागली. कुणाचे पोलंडमधले आजोबा, कुणाची शाळा, कुणाची गावातली लायब्ररी. व्यवस्थित चालतंय म्हणून इतके दिवस कुणी तोंड उघडलं नव्हतं. त्याने एकेक उत्तर आईंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "हे सगळे चकल्या करतात?"

पुढच्या दोन दिवाळ्या अशाच तळणात गेल्या. तिसरीच्या आधी मंदामावशी गेल्या. थोड्या दिवसांनी आई गुरुनाथच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"गुरू, ते जुनं आता काढलंस तरी चालेल हो."

"राहू दे आई. पोलंडचे आजोबा आहेत ना अजून," तो म्हणाला.

त्या दिवाळीतही आईंनी चकल्या केल्या. लॅपटॉप ओट्यावर होता, त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. तेल तापलं तशा त्या सवयीने लॅपटॉपकडे थोड्या झुकल्या. मग सरळ झाल्या आणि पहिली चकली कढईत सोडली.